काकांचं मेडल वशिल्याचं नव्हतं

परवा रात्री जुळे सोलापुरातून मावशीचा फोन आला. "तुझ्या काकांना ते मेडल साहेबाच्या मर्जीनं मिळालं होतं का रे?" काका मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, १९७१ला पूर्व आघाडीवर लढले. हा प्रश्न तिच्या डोक्यात घातला भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजनं. त्याचं म्हणणं असं: युद्धाची पदकं वरिष्ठांच्या शिफारशीवर मिळतात, ती दुकानात विकत मिळतात, म्हणजे खोटीच, त्यावर दरमहा भत्ता असतो, आणि १९७१च्या जवानांच्या वारसांनी अडीच हजार भरून नोंदणी केली की तो सुरू होतो.

शिफारस लागते ती शौर्यपदकाला. वीर चक्र, सेना मेडल एकेका माणसाच्या कामगिरीवर दिलं जातं. काकांचं पदक मोहिमेचं, म्हणजे त्या युद्धात ठरलेली सेवा केलेल्या सगळ्यांसाठीचं. त्याचं तसं नाही. ते राष्ट्रपतींच्या आदेशानं सुरू होतं, अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापली जाते आणि कुठला मुलूख, कोणत्या तारखा, किती सेवा हे तिथंच ठरतं. १९७१च्या युद्धासाठीच्या संग्राम मेडलची मुदत ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२. पूर्वेकडच्या लढाईला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या लढाईला पश्चिमी स्टार. अटीत बसला की कर्नललाही तेच आणि लंगरच्या स्वयंपाक्यालाही तेच. पलटणीतली नोंद रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला जाते. मराठ्यांचं बेळगावला आहे. यात मर्जी कुठं आली?

दुकानाचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. मूळ पदक हातात यायला वर्षं लागतात, म्हणून गणवेशावर लावायला जवान नक्कल विकत घेतात. पण हक्क ठरतो सेवेच्या नोंदीवरून, दुकानाच्या पावतीवरून नाही.

भत्ताही शौर्यपदकांनाच. २०१७ साली केंद्रानं परमवीर चक्राचा दरमहा २०,००० आणि वीर चक्राचा ७,००० केला. मोहिमेच्या पदकावर असा भत्ता नाही.

आता त्या अडीच हजारांचं. माझा खरा संताप इथं आहे. ज्या बाईचा नवरा लढून आला, तिच्या पेन्शनच्या पासबुकावर कुणाची तरी नजर आहे. जो भत्ताच नाही, त्याची नोंदणी कसली? एखाद्या घरी पदक खरंच यायचं राहिलं असेल, तर डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तिथल्या मदतीनं रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. कुणाच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवू नका, आधारचा फोटो तर मुळीच नको. मावशीनं पाठवला नाही, पण मंडळातल्या दोघींनी पैसे भरलेत. त्यांना घेऊन उद्या पोलीस ठाण्यात जायचं ठरलंय.

काल तिच्याकडे गेलो. ट्रंकेतली डबी काढली, पदकाची कड खिडकीच्या उजेडात धरली. कडेवर काकांचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं. मावशीनं चष्मा लावून तो नंबर वाचला, मग डिस्चार्ज बुकातला वाचला, आणि डबी परत ट्रंकेत ठेवायला मला दिली नाही.