अडाणकाठचं भूत आणि स्कूबीचा पिक्चर

भाच्याचा फोन आला तेव्हा इथे ब्रिस्बेनमध्ये रात्रीचे साडेदहा झाले होते, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, तो गावी आला होता आणि मागून देवळातला भोंगा ऐकू येत होता. म्हणाला, "मामा, पैसे लावणारा माणूस भेटला, पण थो म्हणते भूत खरं पाह्यजे."

आधी थोडं सांगतो. भाचा अमरावतीला शिकतो, तो आणि त्याचे तीन दोस्त मिळून मोबाईलवर कार्टून बनवतात, वऱ्हाडी बोलणारे चार पोट्टे आणि एक गावठी कुत्रा, दर एपिसोडला कुठल्यातरी गावात भूत निघते, पोट्टे भेतात, पळतात, पुरावे गोळा करतात आणि शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आतून माणूस निघतो. हे सरळसरळ स्कूबी डू या अमेरिकन कार्टूनवरून घेतलंय, आणि ते माझ्यामुळेच, कारण तो लहान असताना सुट्टीत गेलो की झोपताना मी त्याला स्कूबीच्याच गोष्टी सांगायचो. आता त्यांना या मालिकेचा पूर्ण दीड तासाचा पिक्चर करायचाय. आणि पैसे लावणाऱ्याची अट एकच, शेवटी मुखवटा निघाल्यावर कळलं पाहिजे की हे भूत खोटं होतं पण दुसरं एक खरं आहे. त्याशिवाय लोकं थेटरात कशाला येतील म्हणे.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर चार दिवस नुसता धिंगाणा. कोणी म्हणे पिक्चर आहे यार, एवढं काय. कोणी म्हणे जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला ना २०१३ ला, मग पिक्चरनं अजून काय शिकवायचं. आणि एका जुन्या दोस्ताने मला थेट सुनावलं, तू तिकडे बसून आम्हाला शहाणपण नको शिकवू, तिकडचेच लोक स्कूबीच्या पिक्चरमध्ये खरी भुतं दाखवतात. हा मुद्दा मला लागला, कारण तो बरोबर आहे, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

स्कूबी पहिल्यांदा १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएस चॅनलवर आला. हॅना बार्बेरा कंपनीचं कार्टून, कल्पना जो रुबी आणि केन स्पीअर्स या दोघांची. त्या काळात तिकडे आईबापांनी शनिवारच्या कार्टूनमधल्या मारामारीविरुद्ध आवाज उठवला होता, म्हणून कंपनीला असं काहीतरी पाहिजे होतं ज्यात थरार असेल पण हाणामारी नसेल. मग चार पोरं, एक व्हॅन, एक भित्रा ग्रेट डेन कुत्रा, आणि भूत. पहिल्या मालिकेचे दोन सीझन मिळून फक्त २५ एपिसोड. एका एपिसोडमध्ये खाणीतलं म्हाताऱ्या खाणकामगाराचं भूत पाहुण्यांना पळवून लावत असते आणि शेवटी निघतो तो तिथलाच कामावरचा माणूस, त्याला खाणीत तेल सापडलेलं असते आणि ते एकट्यालाच पाहिजे असते. मला लहानपणी हे जे डोक्यात बसलं ते आजही बसलेलं आहे, की भुताच्या मागे जमीन असते नाहीतर पैसा असतो, कोणालातरी कोणालातरी तिथून हाकलायचं असते.

मग गडबड कुठे झाली तर मोठ्या पिक्चरमध्ये. १९९८ ला व्हिडिओवर एक पिक्चर आला, झॉम्बी आयलंड, त्याची जाहिरातच होती की या वेळी राक्षस खरे आहेत. पिक्चर चांगला आहे, खोटं बोलणार नाही, आजही लोकांना आवडतो. मग २००२ ला खऱ्या नटांचा आला, राजा गॉसनेलने दिग्दर्शन केलेला, जेम्स गनने लिहिलेला, त्यात मिस्टर बीनवाला रोवन ॲटकिन्सनसुद्धा आहे. त्यात एका बेटावर पोरापोरींच्या अंगात खरे सैतान शिरतात. शेवटी मुखवटा निघतो, नाही असं नाही, पण तोपर्यंत सैतान खरे होऊन बसलेले असतात. २०२० च्या ॲनिमेशनमध्ये तर ग्रीक पुराणातला तीन डोक्यांचा कुत्राच पाताळातून बाहेर येतो. कारण काय सांगतात, तर बावीस मिनिटांना एक मुखवटा पुरतो, दीड तासाला पुरत नाही, काहीतरी मोठं पाहिजे.

आता गंमत म्हणजे २००२ च्या पिक्चरचं शूटिंग इथेच झालं, आमच्या क्वीन्सलँडमध्ये. त्यातलं भुताटकीचं बेट म्हणजे टँगलूमा रिसॉर्ट, मोर्टन बेटावर, ब्रिस्बेनहून बोटीनं सव्वा तास. मागच्या वर्षी लेकीला घेऊन गेलो होतो, ती नऊ वर्षांची. संध्याकाळी डॉल्फिन किनाऱ्याजवळ येतात, लोक पाण्यात उभं राहून त्यांना मासे देतात. तिनं विचारलं, बाबा, इथे खरंच काही होतं का? मी सांगितलं की १९५२ ते १९६२ इथे देवमाशांचा कारखाना होता, समुद्रातून देवमासे मारून ओढत आणायचे आणि इथे कापून तेल काढायचे. सैतानाचा पिक्चर तिनं हसत हसत पाहिला होता, हे ऐकून मात्र ती बोटीत परत येईपर्यंत गप्प होती.

इथे ऑक्टोबरच्या शेवटी लोक लेटरबॉक्सवर प्लॅस्टिकचे सांगाडे टांगतात, पोरं हडळ बनून चॉकलेट मागत फिरतात. शेजारची एकटी राहणारी म्हातारी स्वतः काळी टोपी घालून दारात बसते आणि पोरं तिच्याकडे पहिले धावतात. हे पाहताना दरवर्षी माझ्या पोटात काहीतरी होते. एकटी राहणारी म्हातारी, डोक्यावर हडळीची टोपी, आणि तिला कशाचीच भीती नाही. इथेही भविष्य सांगणारे आहेत, पत्ते मांडून पैसे घेणारे आहेत, इथले लोक काही फार अकलेचे आहेत असं मला म्हणायचंच नाही. पण इथे पिक्चरमध्ये भूत खरं निघालं तर सकाळी कोणाच्या दारावर दगड पडत नाही. आमच्याकडे पडतात. म्हणून तोच पिक्चर तिथे तोच राहत नाही, हे माझं त्या दोस्ताला उत्तर आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठी. साल २०००, मी सहावीत. त्या हिवाळ्यात नदीकडच्या धुऱ्यावर रात्री पांढऱ्या साडीतली बाई दिसायला लागली. पहिले एकाला दिसली, मग चौघांना, मग सगळ्या गावाला. शेतीची लाईट तेव्हाही रात्रीच यायची, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्री बारा वाजता मोटर सुरू करायला जावं लागे, ते बंद झालं. बाबा दोन रात्री गेले, तिसऱ्या रात्री आईनं दाराला आडवं होऊन जाऊ दिलं नाही. आमचा दोन एकर हरभरा तसाच सुकला, घाटे भरलेच नाहीत.

आणि मग गावानं कारण शोधलं. नदीच्या वाटेवर एक काकू एकटी राहायची, नवरा गेलेला, दोन बकऱ्या, परसात पालकाचा वाफा. तिचीच करणी आहे म्हणे. बायांनी हापशीवर तिच्यासोबत पाणी भरणं सोडलं, पोट्ट्याइले तिच्या घरावरून जाऊ देईनात, आणि एका रात्री तिच्या टिनावर दगड पडले.

मी शेजारच्या मास्तरांच्या घरी स्कूबी पाहायचो, हिंदीत लागायचा, म्हणून मला पुरावा शोधायची खाज होती. एका सकाळी आबाजीसोबत नदीवर गेलो तर रेतीत ट्रॅक्टरच्या चाकांचे माग. एकदोन खेपांचे नाही, आत नदीच्या पोटापर्यंत खोल गेलेले, आणि रेती कंबरभर खणलेली. बाभळीच्या एका फांटीला सुताची दोरी बांधलेली होती आणि तिच्यात पांढऱ्या लुगड्याची एक चिंधी अडकलेली. आबाजीनं पाहिलं, चिंधी काढून खिशात घातली आणि मले म्हणाले, "घरी जाऊन बोलू नोको." पुढच्या आठवड्यात सगळ्या गावाला माहीत झालं की रातचे रेती कोण नेत होतं. नाव कोणीच घेतलं नाही. बाई दिसणं बंद झालं. पण काकूजवळ कोणी गेलं नाही. कोणी म्हटलं नाही की बाई, आमचं चुकलं. पोळ्याच्या आधी ती बकऱ्या विकून बहिणीकडे निघून गेली.

आता सांगा, या गोष्टीचा पिक्चर केला आणि शेवटी म्हटलं की रेतीवाला खोटं भूत होता पण नदीत एक खरी हडळ होतीच, तर काय झालं? तर दगड मारणारे बरोबर निघाले. एवढंच झालं. दीड तास पुराव्याचं बोलायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत दगड मारणाऱ्याच्या हातात परत दगड द्यायचा.

कायदा आहे म्हणता, तर तो आहे, आणि तो कसा आला तेही आठवा. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्या डिसेंबरात विधिमंडळानं कायदा पास केला. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात गेल्यावर सुरू होतो, आणि काकू ठाण्यात गेली असती का? दारव्ह्याच्या ठाण्यात कोण घेऊन गेलं असतं तिले? मेळघाटात आजही लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडानं पोटावर डागतात, डंबा म्हणतात त्याला. त्या माय बापाला शिव्या देऊन काही होत नाही, दवाखाना दूर आहे, रस्ता पावसात बंद असतो, आणि भूमका, म्हणजे तिथला मांत्रिक, घराजवळ आहे. भीती गेली पाहिजे तर दवाखाना जवळ यावा लागते आणि गोष्टही जवळ यावी लागते. पिक्चर निदान दुसरं काम तरी करू शकते.

आणि दीड तास पुरत नाही म्हणणं मला मान्यच नाही. ज्या विदर्भात गाडगेबाबा झाले तिथे हे म्हणायचं? कीर्तनात बाबा नुसते प्रश्न विचारायचे, समोरची माणसं उत्तर द्यायची आणि उत्तर देता देता त्यांच्याच तोंडून त्यांचा खोटेपणा बाहेर यायचा, हजारो लोकं रात्र रात्र बसायची. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत आजही दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर नाटक चालते, लोकं थंडीत चादरी घेऊन पहाटेपर्यंत बसतात, ते काही प्रत्येक नाटकात खरं भूत असते म्हणून नाही. माणसाची गोष्ट असते म्हणून.

थरारच पाहिजे तर तोही आहे की. आमच्या शाळेत एकदा अंधश्रद्धा निर्मूलनवाले आले होते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवला आणि वरून मंत्र म्हणत पाणी शिंपडलं, नारळ पेटला, पोरी किंचाळल्या. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं, थोडा वेळ काहीच नाही, सगळे श्वास धरून, आणि मग आपोआप जाळ. लिंबू कापलं तर लाल रक्त, कारण सुरीला जास्वंदाचा रस लावलेला. मग त्यांनी सगळं उलगडून दाखवलं आणि तेव्हा जो आवाज झाला वर्गात तो भीतीच्या आवाजापेक्षा मोठा होता, मी अजून विसरलो नाही. हे मोठ्या पडद्यावर दाखवा ना, आधी चमत्कार म्हणून दाखवा, लोकांना घाबरू द्या, मग कसं झालं ते हळूहळू दाखवा. कार्ल सेगननं तर लिहून ठेवलंय की मोठ्या माणसांसाठीही स्कूबीसारखी मालिका पाहिजे, जिच्यात दर वेळी चमत्काराचं साधं कारण सापडेल. तो खगोलशास्त्रज्ञ होता, पण त्याला कळलं या कार्टूनात काय आहे ते.

भाच्याला मी म्हटलं की तुझा पिक्चर लांबवायचा तर भूत मोठं करू नको, मुखवटा अर्ध्यातच काढ. मध्यंतराला लोकांना कळू दे की रेतीवाला होता. मग उरलेला पाऊण तास दाखव की कळूनही गाव कसं बोलत नाही, पुरावा असून पोट्ट्याइचं कोणी ऐकत नाही, सरपंच त्या ट्रॅक्टरवाल्याच्या घरचं जेवून येतो, आणि कुत्रा तेवढा दर रात्री नदीवर जाऊन भुंकतो. बावीस मिनिटांच्या एपिसोडमध्ये हे करता येत नाही, तिथे मुखवटा निघाला की संपलं, गाडी निघून जाते पुढच्या गावाला. पिक्चरला वेळ आहे तर तो वेळ इथे घाला, मुखवटा निघाल्यानंतरच्या गावात.

तो बराच वेळ बोलला नाही. भोंगा बंद झाला होता. मग म्हणाला, "मामा, पैसे नाही भेटले तं?" म्हटलं, नाही भेटले तर तुमचे पंधरा पंधरा मिनिटांचे एपिसोड करा, मी इकडून जमेल तेवढे पाठवतो, इथले चार वऱ्हाडी लोकं ओळखीचे आहेत त्यांनाही विचारतो, पण ते पाच मिनिटं नका टाकू.

"मंग शेवट काय करू? पोट्टे काकूच्या घरी जाते का माफी मागाले?"

मी म्हटलं जाऊ दे, सगळे जाऊ दे, कुत्रा पण जाऊ दे.

"पण मामा, तिच्या घराले तं कुलूप होतं ना."

म्हटलं हो, कुलूप होतं. "मग कुलूपच दाखव."