वॉल्व्ह हलतोय म्हणून गाइड गेलं? मोजलं का कुणी?

परवा वाईहून मामांचा फोन. "अरे मारुती एस्टीमचं हेड उतरवलंय, गॅरेजमधला पोरगा म्हणतो सोळाच्या सोळा गाइड गेलीत, अडतीस हजार सांगितलेत, मी हो म्हणून टाकलं." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वॉल्व्ह म्हणजे त्यातली हवा-पेट्रोल आत घेणारी नाहीतर धूर बाहेर सोडणारी झडप, आणि गाइड ही तिची नळी.) मी विचारलं, मोजून बघितलं का? तर म्हणे, "मोजायचं काय त्यात, माझ्यासमोर हलवून दाखवलं की. आणि तो मेसेज वाचलास ना तू, त्यात पण तेच लिहिलंय."

तो मेसेज. 'इंजिनचे वॉल्व्ह गाइड घरीच ओळखा' असं काहीतरी नाव आहे, दोन महिन्यांत मला चार जणांनी पाठवला. थोडक्यात असा: सकाळी स्टार्टला धूर आला की गाइड गेलं, पेट्रोल असो की डिझेल. ऑइलचं झाकण उघडा, वाफा आल्या की गाइड गेलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, कमी आलं, गाइड. हेड उघडल्यावर वॉल्व्ह हाताने हलवा, जरासा जरी हलला तरी सगळी गाइड बदला. आणि पैसे नसतील तर तोवर जाड ऑइल टाकून चालवा.

हलवण्यापासून सुरू करतो, कारण मामांचे पैसे तिथंच चालले होते.

वॉल्व्ह हलणारच हो! गाइड म्हणजे हेडमध्ये ठोकून बसवलेली नळी, तिच्यातून वॉल्व्हची दांडी वरखाली होते, तीन हजार आरपीएमला सेकंदाला पंचवीस वेळा. तेलाचा थर राहायला आणि गरम झाल्यावर दांडी फुगायला जागा नको का? नवीन इंजिनात पण ती जागा असते, मिलिमीटरचे दोन-चार शतांश. त्यात गॅरेजवाला काय करतो, वॉल्व्ह चांगला लांब बाहेर ओढतो आणि डोक्याला धरून हलवतो. आतली एवढीशी ढील तिथं सहज दुप्पट-तिप्पट दिसते, वर बोटाला ती जाणवते त्याहून जास्त. असं हलवून दाखवलं तर शोरूममधल्या गाडीची गाइड पण गेलेली निघतील.

आता खरं काय करायचं ते सुझुकीच्या जी सिरीज इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि एस्टीमचं इंजिन त्याच घरातलं. दांडी आणि गाइड यांच्यातली ढील इनटेकला (आत घेणाऱ्या वॉल्व्हला) ०.०७ मिमीपर्यंत आणि एक्झॉस्टला (धूर सोडणाऱ्याला) ०.०९ पर्यंत चालते. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) नसेल तर दांडीच्या टोकाला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळासारखं साधन) लावून टोक इकडंतिकडं किती जातं ते बघा, इनटेकला हद्द ०.१४, एक्झॉस्टला ०.१८. झालं. आकडा हद्दीच्या आत असेल तर गाइडला हात लावायचा नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे एक पान वाचलं असतं तरी पुरलं असतं.

मग मी एमआयडीसीतल्या टूलरूमवाल्या मित्राकडून डायल गेज उचललं आणि रविवारी वाईला गेलो. गंमत म्हणजे गेजचा स्टँड चुंबकाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, चिकटतोय कशाला. शेवटी एक लोखंडी पट्टी बोल्टने हेडवर आवळली आणि स्टँड त्या पट्टीवर बसवला. गाइड ब्रशने साफ केली, दांड्या पुसल्या, कारण जुनं तेल आणि कार्बन ढील लपवतात. सगळे इनटेक ०.०८ ते ०.११. एक्झॉस्ट ०.१२-०.१३ च्या आसपास, फक्त तिसऱ्या सिलेंडरचा एक ०.१६. म्हणजे सोळातलं एकही हद्दीबाहेर नाही. तो पोरगा पण बघत होता, शेवटचे चार त्यानेच मोजले. वाईट नाहीये तो, त्याला कुणी गेज दाखवलंच नव्हतं.

सीलं मात्र बघण्यासारखी होती. दांडीवर घट्ट बसून तेल अडवणारी रबरी टोपी ती, नखाने दाबली की दबायला पाहिजे. ही अगदी प्लास्टिकच्या बांगडीसारखी, नख रुतेना, एक तर काढताना कटकन मोडलंच.

हे खरं तर हेड उघडायच्या आधीच कळण्यासारखं होतं. इथं मेसेजला अर्धा मार्क देतो, सकाळच्या स्टार्टला निळा धूर हे वॉल्व्हच्या बाजूने तेल उतरत असल्याचं लक्षण आहे, खोटं नाही. पण रात्रभर थेंब थेंब तेल खाली येतं ते बहुतेक वेळा कडक झालेल्या सीलातून, गाइड त्यानंतर. आणि धूर निळा पाहिजे, डिसेंबरात सायलेन्सरमधून पांढरी वाफ सगळ्यांच्याच येते. नक्की करायचं तर पाचगणीहून पसरणी घाट उतरा, सेकंड गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद आणि इंजिन फिरतंय, त्यामुळे इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि सीलापाशी साठलेलं तेल आत ओढतो. खाली येऊन अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे निळा ढग. उलट चढावर जोर लावताना सतत धूर असेल तर आधी रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर, संशय घ्या. मामांना हे विचारलं तर म्हणाले, "हो रे, घाट संपल्यावर मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत पुढे गेला होता." एवढ्यावर निम्मं निदान झालं की! डिझेलला मात्र ही घाटाची परीक्षा सरळ लागू करू नका, जुन्या डिझेलला थ्रॉटलच नसतो, तसा व्हॅक्यूम येणार कुठून.

झाकण उघडून वाफा बघणं हा तर कहर आहे. झाकणातून जोरात धूर येतो तो रिंगांच्या बाजूने खाली निसटलेला गॅस, आणि थोडासा तर धडधाकट इंजिनात पण येतो. एक्झॉस्टचं गाइड अगदीच भोक पडल्यासारखं झिजलं तर थोडा गॅस तिथूनही वर येतो, बरं, तेवढं मान्य. पण त्यावरून गाइडचं निदान म्हणजे नाक वाहतंय म्हणून चष्म्याचा नंबर काढण्यासारखं. आणि ब्रीदरचा पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनातला निसटलेला गॅस परत इनटेकमध्ये सोडणारी छोटी झडप) चोंदला तरी तेल इनटेकमध्ये जातं, तो आधी काढून हलवून बघा, खुळखुळला पाहिजे. हलवायचंच असेल तर हे हलवा.

कॉम्प्रेशनचं तर सोपं आहे. मोजताना वॉल्व्ह बंद असतो, सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या गोल बैठकीवर, बसलेला. गाइड ढिलं असलं तरी सीट नीट पकडत असेल तर आकडा चांगलाच येणार. खूप झिजल्यावर वॉल्व्ह तिरका बसून सीट खराब होते ते वेगळं. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वॉल्व्ह नाहीतर हेडखालचं गॅस्केट (पॅकिंग).

जाड ऑइलने धूर थोडे दिवस कमी होतो, पण थंड इंजिनात तेच तेल वर हेडपर्यंत उशिरा पोचतं आणि गाइड कोरडी घासतात.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट, गाइड खरंच बदलायची वेळ आली तर हेड ८० ते १०० डिग्रीला गरम करून नवीन ओव्हरसाइज गाइड ठोकतात, रीमर मारतात (भोक नेमक्या मापात आणतात), आणि मग सीट परत कापावीच लागते कारण मध्य हललेला असतो. मामांच्या अडतीस हजारांच्या कागदावर सीट कटिंगचं नावच नव्हतं!

शेवटी सोळा नवीन सीलं, वॉल्व्ह लॅपिंग (वॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं), हेड गॅस्केट, सगळं नऊ हजारांच्या आत बसलं. लॅपिंगनंतर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पंधरा मिनिटं ठेवलं, एक थेंब खाली आला नाही. आधी हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जायचं, आता महिना झाला, डिपस्टिकवर रेघ फारशी उतरलेली नाही. तिसऱ्या सिलेंडरचा तो ०.१६ मामांच्या सर्व्हिसच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवलाय, पुढच्या वेळी हेड निघालं की तो आधी मोजायचा. मामांनी त्याच पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली एकाने विचारलंय, "म्हणजे गाइड गेलं ना?"