मावशी, तो तारेचा ब्रश खाली ठेव आधी

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत मावशीकडे पोह्यांना गेलो तर वरून खर्र खर्र आवाज येतोय. गच्चीवर जाऊन बघतो तर एक पोरगा तिच्या वरच्या खोलीचा पंचवीस वर्षं जुना सिमेंटचा पत्रा तारेच्या ब्रशने घासत बसलाय, कोरडाच, तोंडाला रुमालसुद्धा नाही, आणि खाली चार हातांवर जुन्या साडीवर कुरडया वाळत घातलेल्या, त्यांच्यावर पांढरी भुकटी बसलेली. विचारलं तर मावशी म्हणते, "अरे तुला नाही आला का तो मेसेज? लोखंडी पत्रा लावायचाच नाही म्हणून लिहिलंय. मी त्या पत्र्यावाल्याला नाही सांगून टाकलं."

आला होता ना, तीन ग्रुपांवर आला होता. ज्यांना नशिबाने आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लोखंडी पत्रा आकाशातली वीज ओढतो म्हणून लावलाच असेल तर त्याचं अर्थिंग काढून टाका, उन्हाळ्यात घराची भट्टी होते, पाच वर्षांत गंजतो, पावसात आवाजाने डोकं फिरतं, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे आपला जुना सिमेंटचा पत्रा, थंड आणि निरोगी, दरवर्षी फक्त घासून चुना मारायचा. खाली "एका मोठ्या इंजिनियरचा सल्ला". इंजिनियरचं नाव गायब.

मीही इंजिनियर नाही. पण तीन वर्षांपूर्वी सुदामा नगरात आमच्या गच्चीवरच्या खोलीला पत्रा टाकला तेव्हा लोहामंडीत आणि वेल्डिंगवाल्याच्या मागे जेवढं फिरलो तेवढ्यात हे तरी कळलं.

शेवटच्या मुद्द्यापासूनच धरतो कारण माझं डोकं तिथे तापलंय. जुना सिमेंटचा पत्रा नुसत्या सिमेंटचा नसतो हो. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, साधारण आठ-दहा टक्के, सिमेंटला धरून ठेवायला. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, तिने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार, आपल्याकडे पत्र्यात वापरतात तो पांढरा क्रायसोटाइलसुद्धा, पहिल्या गटात टाकलेत. पहिला गट म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं, "होऊ शकतो" वगैरे नाही. फुफ्फुसाचा होतो, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो जो तंतू आत गेल्यावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो, म्हणजे आज घासणाऱ्या त्या पोराला कळेल तेव्हा त्याची पोरं लग्नाला आलेली असतील आणि हा मेसेज कुणाच्या लक्षातही नसेल. साठाहून जास्त देशांनी हा माल बंद केलाय, आपल्याकडे अजून मिळतो, म्हणून तो निरोगी झाला का?

आता खरं तेही सांगतो, नाहीतर उद्या सगळे घाबरून हातोडे घेऊन वर चढतील. धड असलेला, न तुटलेला पत्रा वर नुसता पडून आहे तोवर धोका कमी असतो, तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. धोका सुरू होतो तो फोडलं, कापलं, कोरडं ड्रिल मारलं, घासलं की. म्हणजे मेसेजवाल्याने नेमकं जे करू नये तेच दरवर्षी करायला सांगितलंय! काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करायचा, नट सोडवून अख्खा उतरवायचा, वरून खाली फेकायचा नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, आणि नंतर कोरडा झाडू अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

आणि थंड? शेवाळ धरून काळा पडलेला सिमेंटचा पत्रा मे महिन्यात दुपारी दोनला हात लावून बघा.

आता वीज. पत्रा वीज ओढत नाही, वीज शोधते उंच आणि एकटं काही, म्हणजे झाड, टॉवर, शेजारच्यांची टाकी. पत्रा घातल्याने तुमचं घर उंच होत नाही. उलट वीजरोधकाचं जे भारतीय मानक आहे, आयएस/आयईसी 62305, त्यात ठराविक जाडीचं आणि नीट जोडलेलं धातूचं छत वीजरोधक योजनेचाच भाग धरता येतं, फक्त तिथून जमिनीपर्यंत वाट पाहिजे. आणि हा शहाणा ती वाटच काढायला सांगतोय. त्याहून मोठी भीती आकाशातली नाहीच, घरातली आहे. पंख्याची वायर कुठे सोलली आणि अँगलला टेकली तर अख्खं छत करंटमध्ये, पावसात कुणी ओल्या हाताने खांब धरला की संपलं. म्हणून सांगाड्याला अर्थिंग आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, दोन्ही पाहिजेच.

भट्टी होते हे मात्र मान्य करावं लागेल, नाइलाज आहे. नुसता पातळ पत्रा आणि डोक्यावर आपला इंदूरचा मे महिना, खाली बसवत नाही. पण वर पांढरा किंवा फिका रंग, खाली इन्सुलेशनची शीट, मध्ये हवा खेळायला जागा ठेवली की बराच फरक पडतो. आणि एक गंमत, पत्रा रात्री पटकन गार होतो. स्लॅब दिवसभर प्यालेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत बसतो, माळव्याच्या थंड रात्रीचा काय उपयोग मग.

आवाज होतो. होतो बाबा. इन्सुलेशनने कमी होतो. पुढे.

गंज. स्वस्त माल, वाईट काम, तर पाच काय तीन वर्षांत गंजेल. चांगला माल म्हणजे गॅल्व्हल्यूम, अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पत्रा. त्याच्या लेपात वजनाने 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉन असतं, तो लेप शाबूत आहे तोवर लोखंडाला पाणी लागत नाही. तो शाबूत कोण ठेवत नाही? आपला मिस्त्री. ग्राइंडरने पत्रा कापतो, ठिणग्या लेप जाळतात आणि लोखंडाचा चुरा पत्र्यावरच पडून राहतो, पहिल्या पावसात तांबडे ठिपके. कात्रीने किंवा निबलरने, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या मशीनने, कापायला लावा. एसीच्या तांब्याच्या नळीचं पाणी पत्र्यावर गळू देऊ नका आणि ओलं सिमेंट थापू नका, दोन्ही लेप खातात. स्क्रू रबरी वॉशरचा, उंचवट्यावर मारलेला, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. आणि फार आवळायचा नाही, वॉशर चपटा होऊन बाहेर आला की गळती ठरलेली. पत्रा उन्हात वाढतो हेही कुणी सांगत नाही, सहा मीटरची चद्दर 50 अंशांच्या फरकात साडेतीन मिलिमीटरच्या वर सरकते, रात्रीचा टण्ण आवाज त्याचाच, भूत नाही.

जाडी विचारताना एवढं विचारा की लेपासकट सांगताय का नुसत्या लोखंडाची. आमच्याकडे दुकानात 0.50 मिलिमीटर सांगून आलेला माल मायक्रोमीटर लावल्यावर 0.42 निघाला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "भिया, इतना तो चलता है."

मावशीच्या पत्र्यावाल्याला परत हो सांगितलंय, पुढच्या आठवड्यात येतोय, ग्राइंडर आणणार नाही असं कबूल करून. जुना पत्रा ओला करून अख्खा उतरवायचा, त्या दिवशी मी सुट्टी घेतलीय. कुरडया मात्र मी टाकायला लावल्या, दोन किलो गव्हाच्या होत्या, त्यामुळे मावशी सध्या माझ्याशी बोलत नाही.