'अडाणीपणा' म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

तपासण्या सगळ्या झालेल्या असूनही काही बायका घरीच बाळंत का होतात, या माझ्या मागच्या लेखावर 'एक डॉक्टर' अशी सही केलेली प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळातच होतात, त्यामुळे हा विषय इथला नाहीच. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे, तेव्हा गाडी मिळाली नाही ही नुसती सबब. घरी रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोन तासांत दगावू शकते, हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "नऊ महिने फुकटच्या तपासण्या करून घ्यायच्या आणि ऐन वेळी घरात बसून राहायचं याला अडाणीपणाच म्हणतात, लेखिकाबाईंनी आधी लेबर रूम आतून पाहावी."

पहिला मुद्दा मान्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या इस्पितळातल्या बाळंतपणांचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे. लेखात मी 'आजही अनेक बायका' लिहिलं होतं, तिथे आता 'आजही काही बायका' असं केलं आहे. झालं समाधान? रक्तस्रावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, ते कोणी नाकारलंय? त्यावर आपलं भांडण नाही, म्हणून पुढे जाते.

भांडण आहे ते त्या शेवटच्या वाक्याशी.

लेबर रूम मी आतून पाहिली आहे, साहेब. उभं राहूनही आणि आडवं पडूनही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. वजन घेणं, बीपी बघणं, लोहाच्या गोळ्या वाटणं, धनुर्वाताचं इंजेक्शन देणं, हेच माझं काम. आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात ज्या इस्पितळात मी टेबलावर होते (नाव घेत नाही), तिथे कळा असह्य होऊन ओरडले तेव्हा एक बाई म्हणाली, "तेव्हा बरं वाटलं, आणि आता ओरडतेस?" मांडीवर एक चापटही बसली. सासू बाहेर, नवरा फाटकाबाहेर, आत माझं म्हणावं असं कोणी नाही. मी नर्स होते, हे त्यांना माहीत होतं! मग सुर्ला किंवा करंझोळसारख्या आतल्या गावाची, बोलताना मान वर न करणारी बाई तिथे काय अनुभवत असेल, याचा विचार कधी केलात? बाळंतपणाच्या वेळी सोबतीला आपलं माणूस असू द्यावं, हे सरकारला २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात लिहून काढावं लागलं. तोवर ते आपोआप घडत होतं असं वाटतं का तुम्हाला?

दुसऱ्या खेपेला ती बाई घरी राहते तेव्हा तिला इस्पितळ माहीत नसतं असं नाही. ते तिला चांगलंच माहीत झालेलं असतं.

आता तुमच्या 'नऊ महिने तपासण्या'कडे येऊ, कारण मूळ लेखाचा गाभा तोच होता आणि तुम्ही तो वाचलाच नाहीत असं दिसतं. तुम्ही तपासणी आणि बाळंतपण यांना एकाच तिकिटाचे दोन भाग समजता. बाईच्या दृष्टीने तसं कधीच नव्हतं. २००५-०६ च्या सर्वेक्षणात देशातल्या तीन चतुर्थांशांच्या आसपास बायकांनी काही ना काही तपासणी करून घेतली होती, आणि बाळंतपण इस्पितळात झालं ते फक्त ३८.७ टक्के बाळांचं. एवढ्या सगळ्याजणी अडाणी? इस्पितळात का गेला नाहीत असं विचारल्यावर सर्वांत जास्त जणींनी दिलेलं उत्तर पैशांचं नव्हतं, अंतराचंही नव्हतं. 'गरज वाटली नाही' असं त्या म्हणाल्या.

ही गरज न वाटणं कुठून आलं? आमच्याकडूनच. मी स्वतः कित्येकींना सांगितलं आहे, "सगळं बरं आहे गे, बाळाचे ठोके छान आहेत, काळजी करू नको." त्या हसत घरी जायच्या. पुढे समजायचं की घरीच मोकळी झाली. विचारलं तर उत्तर तयार असायचं, "तुवेंच सांगलें न्हय सगळें बरें आसा म्हूण, मागीर हॉस्पिटलांत कित्याक वचपाचें?" (तूच सांगितलंस ना सगळं बरं आहे म्हणून, मग इस्पितळात कशाला जायचं?) यात तर्क कुठे चुकला ते सांगा. तपासणी कशासाठी, तर काही बिघाड आहे का ते बघायला. बिघाड नाही असं सरकारी माणसानेच सांगितलं. उत्तम तपासणीही पुढे येणारा रक्तस्राव आधी ओळखू शकत नाही, हे आपण तिला त्या खोलीत कधी नीट सांगतो? ओपीडीत बाहेर चाळीसजणी ताटकळत असतात. हिमोग्लोबिनचा आकडा सांगून आपण पुढचं नाव पुकारतो.

आणि 'घरात बसून राहायचं' या शब्दांत एक मोठी गंमत आहे, जणू ती पाट मांडून बसली होती. तिसरेपणाच्या कळा किती वेळ चालतात ते तुम्ही मला शिकवू नका. तारीख तिला आपण दिलेली असते, ती काढलेली 'शिगम्याच्या आसपास पाळी चुकली' एवढ्या माहितीवरून. त्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी पोटात दुखलं तर ती म्हणते वायू धरला असेल, कागदावर तर अजून वेळ आहे. रात्र, नवरा बाहेरगावी कामावर, दोन लहान मुलं झोपलेली. त्यांना कोणाच्या ओटीत टाकायचं? शेजारीण येईपर्यंत पाणमोट फुटते. याला कोणी ठरवून केलेलं घरचं बाळंतपण म्हणत असेल तर म्हणो बापडं.

ठरवून राहणाऱ्याही असतात, तेही लिहिलं होतं. वाळपईच्या तालुक्याच्या इस्पितळात नेलं आणि तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं तर पुढे ४०-५० किलोमीटर, तेही कळा देत. बांबोळीत सिझर होईल ही धास्ती. ती उगाच नाही. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत गोव्यातली जवळजवळ ४० टक्के बाळं सिझरने झाली, देशाच्या सरासरीच्या दुप्पटीजवळ. ज्या घरात बाळंतिणीला चाळीसाव्या दिवशी शेतात उतरायचं असतं, त्या घराला पोटावरचे टाके परवडत नाहीत. पहिलटकरणींचं आणखी वेगळंच. नोंदणी सासरच्या केंद्रावर, सातव्या महिन्यात फुलां माळून (आमच्याकडचं डोहाळजेवण) झाली की माहेरी, आणि तिथल्या नर्सच्या वहीत तिचं नावच नाही. देशभर आशा कार्यकर्त्या अशा बायकांच्या मागे असतात. गोव्यात ती योजना राबवलीच गेली नाही. रात्री दाराशी जाऊन 'चल गे' म्हणणार कोण?

'फुकटच्या' हाही शब्द तुम्ही मोठ्या तोऱ्यात वापरलात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ चा. औषधं, सिझर, जेवण, ने-आण, सगळं मोफत, आणि तो तिचा हक्क आहे. तुमच्या खिशातून काही जात नाही. इस्पितळात बाळंत होणाऱ्या बाईला मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागासाठीचे ७०० रुपये आपल्यासारख्या राज्यांत कित्येक वर्षं पहिल्या दोन बाळंतपणांपुरतेच होते. तिसऱ्या खेपेची, म्हणजे ज्या बाईला घर सोडणं सर्वांत अवघड तिचीच, वजाबाकी. ती अट निघाली २०१३ मध्ये. अडाणीपणा शोधायचाच असेल तर नियम करणाऱ्यांच्या टेबलावरही थोडा सापडेल.

इंग्लंडच्या आरोग्य खात्याला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं की धोका कमी असलेल्या, आधी बाळंत झालेल्या बाईला घरी बाळंत होणं हाही योग्य पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये तर ती जुनी रीत. तिथल्या बायकांना कोणी अडाणी म्हणत नाही. तिथे शिकलेली सुईण पेटी घेऊन घरी येते, मागे इस्पितळाची व्यवस्था सज्ज असते, हे मला ठाऊक आहे, लगेच लिहायला बसू नका. माझा मुद्दा एवढाच की घर निवडणारी बाई परदेशी असली की तो निर्णय होतो, आणि आमच्या सत्तरीतल्या चरावणे गावची असली की गुन्हा. माझ्या आईची सगळी बाळंतपणं वैजिणीच्या, म्हणजे गावच्या सुईणीच्या, हातची. ती कोणाला अडाणी वाटली असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.

१०८ बद्दल एकच. गाडी फोन केल्यावर येते, आणि फोनला रेंज लागते. नेत्रावळीच्या किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर पावसाळ्यात एक रात्र काढा, मग बोलू.

तुम्ही खरेच डॉक्टर असाल तर एक करून बघा. आठव्या महिन्यातल्या बाईला तपासून झाल्यावर तिलाच विचारा: रात्री गाडी कोणाची, फोन कुठून लावणार, थोरल्या मुलांना कोण सांभाळणार, बरोबर कोण येणार. ती उत्तरं कार्डावर लिहा. रकाना नसेल तर मागच्या बाजूला लिहा, आम्ही तेच करायचो.