वारंवार होणारा न्यूमोनिया ही ‘प्रतिकारशक्तीची तालीम’ नव्हे

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: मूल सतत आजारी पडत असेल तर घाबरू नये, कारण ती त्याच्या प्रतिकारशक्तीची तालीम आहे, आईचे दूध प्यालेल्या आणि सर्व लसी घेतलेल्या मुलाला प्रतिकारशक्तीचा आनुवंशिक आजार होत नाही, घराण्यात कुणाला असा आजार नसेल तर तपासण्यांवर पैसे घालवू नयेत, काढा आणि सुवर्णप्राशन पुरेसे आहे, आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळालेल्या तयार प्रतिपिंडांची, सलाइन एकदा लावली की शरीर आळशी होते. हा संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत तो चुकतो त्यांची फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

‘तालीम’ हा मुद्दा बहुसंख्य मुलांसाठी खरा आहे, हे आधी मान्य करतो. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-ताप येणे स्वाभाविक असते. ते आजार बहुतेक विषाणूंचे असतात, आपोआप बरे होतात आणि मधल्या काळात मूल खेळते, खाते, वाढते. परंतु वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा अधिक वेळा कान फुटणे, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फारसा गुण न येणे, शिरेतून औषध दिल्याशिवाय संसर्ग न हटणे आणि वजन न वाढणे ही लक्षणे वेगळी आहेत. ती दिसली की ‘तालीम’ हा शब्द बाजूला ठेवून तपासणी करायला हवी.

न्यूमोकोकससारख्या जिवाणूंभोवती एक गुळगुळीत वेष्टन असते. त्यावर प्रतिपिंडे, म्हणजे ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो ती, चिकटल्याशिवाय भक्षक पेशींना ते जिवाणू नीट पकडता येत नाहीत. एक्स गुणसूत्राशी निगडित अगॅमाग्लोब्युलिनेमिया या आजारात बीटीके नावाचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी अस्थिमज्जेत अर्ध्या वाटेवरच अडकतात आणि रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत. अशा मुलाला शंभर संसर्ग झाले तरी त्याचे शरीर त्यांतून प्रतिपिंडे करायला शिकणार नाही, कारण ते शिकणारी पेशीच नाही. 1952 मध्ये अमेरिकी लष्करातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार जंतुदोष होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा गट, आढळले नाही. बाहेरून ते दिल्यावर मुलाचे गंभीर आजार थांबले. त्यामागचे जनुक 1993 मध्ये सापडले. एवढ्या स्पष्ट इतिहासानंतरही आपण पालकांना ‘थांबा, शरीर घडते आहे’ असे सांगत राहावे, हे मला अक्षम्य वाटते. प्रत्येक न्यूमोनियागणिक श्वासनलिका थोडी अधिक रुंदावते, तिथे कफ साचतो, त्यात पुन्हा जिवाणू वाढतात. ब्राँकिएक्टासिस नावाची ही हानी एकदा पक्की झाली की सहसा उलटत नाही.

‘सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) नॉर्मल आला, म्हणजे काळजी नाही’ असेही या संदेशाला जोडून सांगितले जाते. रक्तातील लिम्फोसाइट पेशींत बी-पेशींचा वाटा लहान असल्याने त्या पूर्ण नाहीशा झाल्या तरी एकूण आकडा सामान्य दिसू शकतो. याउलट, लिव्हर फंक्शन टेस्टच्या साध्या कागदावर एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केल्यावर उरणारे ग्लोब्युलिन फारच कमी असेल, तर तो स्वस्तात मिळालेला महत्त्वाचा संकेत असतो, आणि तो अनेकदा कुणी वाचतही नाही. त्यापुढची तपासणी म्हणजे आयजीजी, आयजीए व आयजीएम या प्रतिपिंडांच्या प्रकारांचे रक्तातील प्रमाण. ते मुलाच्या वयाच्या कोष्टकाशीच ताडून पाहावे लागते, कारण एक वर्षाच्या बाळाचे आकडे मोठ्या माणसापेक्षा कमी असणारच. त्यानंतर फ्लो सायटोमेट्रीने बी-पेशी मोजता येतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत आणि उत्तरेत चंदीगडच्या पीजीआयमध्ये या आजारांचे निदान होते.

आईच्या दुधाविषयीचे विधान अर्धसत्य आहे. आईची आयजीजी प्रतिपिंडे गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाला मिळतात आणि जन्मानंतर काही महिन्यांत ओसरतात. दुधातून मिळणारी आयजीए मुख्यतः आतड्यात काम करतात, रक्तातील तूट भरून काढत नाहीत. त्यामुळे आजार असलेले बाळही पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसते, आणि नेमकी उष्टावणाच्या सुमारास आजारपणे सुरू होतात. मग दोष वरच्या अन्नाला, लशीला किंवा दृष्टीला दिला जातो. दूध द्यायलाच हवे, पण ते प्याले म्हणून निदान नाकारता येत नाही.

घराण्याचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात प्रश्नच चुकीच्या घरी विचारला जातो. ‘आमच्या घराण्यात’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वडिलांकडची माणसे असतात. एक्स गुणसूत्राशी निगडित आजार मात्र मुलाकडे आईकडून येतो. म्हणून डॉक्टरांनी आजोळची चौकशी करावी: आईचा एखादा भाऊ किंवा मावशीचा मुलगा लहानपणी न्यूमोनियाने अथवा मेंदूज्वराने गेला होता का? जुन्या पिढीत अशा मृत्यूंना ‘ताप डोक्यात गेला’ एवढेच नाव मिळत असे. आई वाहक असेल, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तिच्याकडे बिघडलेले जनुक असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. अनेक मुलांमध्ये जनुकातील बिघाड नव्यानेच घडलेला असतो, तेव्हा कुठल्याच बाजूला पूर्वेतिहास मिळत नाही. आईला दोष देण्याचे कारण तर कोणत्याच परिस्थितीत नसते. प्रतिपिंड-न्यूनतेचे काही दुर्मीळ प्रकार आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आल्यावर होतात आणि ते मुलींनाही होतात. मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे अशी लग्ने आजही होत असल्याने ही माहिती समुपदेशनात सांगायला हवी.

काढा आणि सुवर्णप्राशन यांविषयी एवढेच म्हणतो की बिघडलेले जनुक त्यांनी दुरुस्त होत नाही, आणि त्यांच्या भरवशावर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

‘शरीर आळशी होते’ हा दावा मुळातच गैरलागू आहे. जी पेशी प्रतिपिंडे करतच नाही ती आळशी कशी होणार? इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून, विषाणू निष्प्रभ करण्याच्या प्रक्रियांतून तयार होते. दर तीन-चार आठवड्यांनी, साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोला 400 ते 600 मिलिग्रॅम या प्रमाणात ते शिरेतून दिले जाते. ते आयुष्यभर लागते हे खरे, आणि खर्च मोठा आहे हेही खरे. या खर्चाचे ओझे लक्षात घेऊनच केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या उपचाराचा समावेश झाला आहे. मुंबईचे केईएम हे त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. मात्र आयजीजी कमी असलेल्या प्रत्येक बाळाला ते लागत नाही. काही बाळांची प्रतिपिंडे केवळ उशिरा तयार होतात आणि पुढील दोन-तीन वर्षांत पातळी सुधारते, तर केवळ आयजीए कमी असलेल्या अनेकांना काहीच त्रास होत नाही. हा फरक तज्ज्ञांनीच करायचा असतो.

राहिला लसींचा मुद्दा. लस प्रतिपिंडे देत नाही, ती शरीराकडून करवून घेते, आणि या मुलांचे शरीर ती करू शकत नाही. त्याहून गंभीर गोष्ट तोंडावाटे देण्याच्या पोलिओ थेंबांची आहे. त्यांत जिवंत, सौम्य केलेला विषाणू असतो. प्रतिपिंडांअभावी तो आतड्यात महिनोन्‌महिने टिकू शकतो, बदलू शकतो आणि क्वचित लकवाही घडवू शकतो. म्हणून निदान झालेल्या मुलाला आणि त्याच्या घरातील भावंडांना थेंब न देता इंजेक्शनची पोलिओ लस द्यावी. पल्स पोलिओच्या मोहिमेत स्वयंसेवक दारात येतात तेव्हा नकार देणाऱ्या कुटुंबाकडे संशयाने पाहिले जाते, त्यामुळे अशा पालकांनी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी घरात ठेवावी, आशाताईंना आधीच कल्पना द्यावी आणि मुलाच्या लसीकरण कार्डावर ठळक नोंद करून घ्यावी.