फोडणीच्या पोळीचं युनिव्हर्स

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले चार दिवस मुंज्या बसलाय आणि उतरायला तयार नाही. मावसभावाने लिहिलं की मुंज्या आपला, पिंपळ आपला, कोकण आपलं, आणि हिंदीवाल्यांनी उचलून त्यावर पिक्चर काढला आणि 'स्त्री', 'भेडिया'च्या युनिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या पिक्चरांच्या माळेत, नेऊन बसवला, मराठी माणसाकडे अमेरिकेतल्या सुपरहिरोवाल्या मार्व्हलसारखी दूरदृष्टीच नाही. त्यावर पंधरा अंगठे. काकांनी तर 'अगदी खरंय' म्हणून हात जोडले.

दूरदृष्टी म्हणे! मी अमेरिकेत अटलांटाच्या बाजूला राहतो, या मार्व्हलचे निम्मे पिक्चर आमच्या दारात झालेत, त्यामुळे मला जरा जास्तच झोंबलं. अरे, मार्व्हल 1996 ला दिवाळखोरीत गेलेली कंपनी. स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे, म्हणजे घरातलं सोनंनाणं आधीच बाजारात गेलेलं. मग 2005 ला मेरिल लिंचकडून 52.5 कोटी डॉलरची सोय केली, आणि तारण काय ठेवलं, तर उरलीसुरली दहा पात्रं, कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, अँटमॅन वगैरे, पिक्चर आपटले असते तर त्यांचे हक्क गेले असते. आयर्न मॅन तर दुसऱ्या स्टुडिओकडे पडून होता, तिकडून परत आलेला. ही रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांची सकाळी केलेली फोडणीची पोळी आहे राव! झाली झकास, तो भाग वेगळा. 2008 ला आयर्न मॅन चालला, शेवटची नावं संपल्यावर निक फ्युरी नावाचं पात्र येऊन पुढच्या पिक्चरांची चाहूल देणारी दोन वाक्यं बोलून गेलं, 2009 ला डिस्नेने 4 अब्ज डॉलर मोजले, आणि आता सगळे म्हणतात बघा काय प्लॅनिंग!

बरं, मुंज्या पळवला कोणी? दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे घरचाच माणूस. त्यानेच 2017 ला मराठीत 'फास्टर फेणे' केला होता, भा. रा. भागवतांचा बन्या, अमेय वाघ. युनिव्हर्स सुरू करायला याच्याहून चांगला गडी आहे का कोणी आपल्याकडे? दुसरा भाग काही आला नाही.

आणि इथे सगळं कलेच्या प्रेमापोटी चालतं असंही नाही हां. आमचं जॉर्जिया राज्य पिक्चरवाल्यांना खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात सूट, देतं, त्यातले 10 टक्के तर निव्वळ शेवटी पीचचा लोगो दाखवला म्हणून. तरी आता मार्व्हलवाले लंडनकडे सरकलेत, तिकडे स्वस्त पडतं. आमच्या गल्लीतला एकजण त्यांच्या सेटवर सुतारकाम करायचा, तो हल्ली लोकांच्या बॅकयार्डात डेक बांधतो. काम जिकडे तिकडे माणूस जातो. अ‍ॅव्हेंजर्स गेले, मुंज्या गेला, मीही आलोच की, मला काय कोणी पळवून आणलं नव्हतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर काकांनी लगेच 'मग परत कधी येतोस' विचारलं असतं, आणि त्याला माझ्याकडे गेली चौदा वर्षं एकच उत्तर आहे, मुलाचं शिक्षण झालं की.

2017 च्या सुरुवातीला रोजच्या रस्त्यावर एक पिवळी पाटी लागलेली असायची, बाण आणि खाली एकच शब्द, 'मदरलँड'. शूटिंगवाल्यांना सेटची वाट दाखवायला खोट्या नावाच्या अशा पाट्या लावतात, आम्हाला सवय आहे. ही मार्व्हलच्या ब्लॅक पँथरची होती ते नंतर कळलं. पण सकाळी सातला, हातात कॉफी, ट्रॅफिक ठप्प, आणि समोर मदरलँड, उजवीकडे वळा. मी रोज सरळ जायचो, ऑफिस सरळ होतं.

असो. मावसभावाला मी एवढंच विचारलं, की बाबा, तू फास्टर फेणे थेटरात पाहिलास का? निळ्या टिका आल्या. दहा मिनिटांनी त्याने उलटा प्रश्न टाकला, 'तू पाहिलास?'

आता खरं सांगायचं तर तेव्हा आमच्या मंडळाने इथे शो लावला होता, आणि त्याच दुपारी मी मुलाला घेऊन मार्व्हलच्याच थॉरला गेलो होतो. तिकिटं आधीच काढलेली होती. फेणे नंतर कोणीतरी पाठवलेल्या लिंकवर बघितला, फोनवर, तोही अर्धा.

मी लिहिलं, 'हो, म्हणजे काय.'