पाच किलोचा घड

परवा चोपड्याकडे काकांच्या शेतात केळीची कटाई होती. चाळीस घडांची वजनं चुलतभावाने एक्सेलमध्ये भरून ठेवलेली, काका म्हणाले सरासरी काढ रे, तू शिकलेला आहेस. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. पण मला आर, म्हणजे आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंगची भाषा, दाखवायची हौस. लॅपटॉप उघडला, उत्तर आलं 5.3, आणि मी ते मोठ्याने वाचलं. तीच चूक.

काट्यावरचे मापाडी नाना तंबाखू मळता मळता थांबले. "पाच किलो? भाऊ, हाई केळीना घड शे का मिरचीना वाटा?"

सगळे हसले, काकासुद्धा. मी घामाघूम होऊन शोधायला लागलो तर एका ओळीत चुलतभावाने वजनाऐवजी लिहिलेलं, 'घड पडला'. मी नानांना समजावलं की नाना, आरमध्ये एका रकान्यात एकाच प्रकारचा माल चालतो, एक जरी शब्द घुसला तरी सगळे आकडे कॅरेक्टर, म्हणजे नुसती अक्षरं, होतात.

"म्हंजे एक पोरनामुये सगळा घरनं कॅरेक्टर खराब?"

हो नाना, अगदी तसंच! मला वाटलं हा माणूस स्टॅटिस्टिक्सला जायला हवा होता. पण मग त्यांनी विचारलं, "बरं, मंग 5.3 कोठून उनं?" आणि इथे माझी खरी गोची झाली. माझ्याकडे आरचं कॉलेजपासूनचं जुनं व्हर्जन, आणि 2020 मध्ये 4.0.0 येईपर्यंत आर फाईल वाचतानाच शब्दांचा रकाना न विचारता फॅक्टर करून टाकायचं. फॅक्टर म्हणजे वरून लेबल, आतून नुसता अनुक्रमांक. 14 किलोला 1, 15 ला 2, असं करत 22 ला 9. मी घाईत ॲज डॉट न्यूमेरिक, म्हणजे 'याचे आकडे कर' अशी आज्ञा, मारलं आणि त्याने वजनं नाही, नंबर दिले, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. आणि 'घड पडला' सगळ्यात शेवटी, त्याला 10. म्हणजे जो घड तुटून मातीत गेला तो सगळ्यात जड! हे नानांना सांगायला नको होतं. त्यांनी ते हमालांना सांगितलं, हमालांनी ट्रकवाल्याला.

बरं, साधं 5 लिहिलं तर ही भाषा त्याला पूर्णांक मानत नाही, मागे एल लावून 5एल लिहा म्हणते, आणि ट्रू अधिक ट्रू, म्हणजे 'खरं' अधिक 'खरं', मात्र मुकाट्याने 2 करते. इथे एवढी चिकित्सा, मग माझे किलो गिळताना तोंड का बंद?

शेवटी आधी कॅरेक्टर केलं, मग न्यूमेरिक, 'घड पडला'चं एनए, म्हणजे 'आकडा नाही', झालं. एका एनएमुळे सरासरीही एनए, म्हणून त्याला वगळायला वेगळं सांगितलं, तेव्हा कुठे 18.2 आलं. तोवर काकांनी काडेपेटीच्या पाठीवर पेनाने हिशोब करून "अठराच्या आसपास" म्हणून व्यापाऱ्याशी बोलणं उरकलं होतं, आणि 'घड पडला' असं प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून चुलतभावाचं कौतुकही झालं होतं.

माझं 18.2 अजून कुणी विचारलेलं नाही.